डावीकडचा निषाद

“डावीकडचा जरा मंद वाटतोय का हो?” कुमुदनं विचारलं.

मगदूमच्या दुकानातल्या मागच्या खोलीत, लाल रेक्झिनच्या कोचावर आम्ही दोघं बसलो होतो. भिंतींना करड्या रंगाचा गालिचा ठोकलेला होता आणि समोर सात-आठ स्पीकर गॅदरिंगच्या फोटोला उभे केल्यासारखे उंचीप्रमाणे रांगेत होते. मला डावीकडचा मंद वाटला नव्हता. पण तिनं विचारल्यावर मी म्हणालो, “असेल.”

मगदूमनं तारा हलवून बघितल्या. “काकू, ही खोलीच तशी आहे. डावीकडं दार. आवाज तिकडनं निघून जातो. घरी लावल्यावर बघा कसा बसतो ते.”

“निघून जातो म्हणजे? मधल्या सुट्टीत पोरी जातात तसा?” कुमुद म्हणाली. मगदूम हसला, मीही हसलो.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहत होतो. मी कॉलेजचा ग्रंथपाल म्हणून आधीच निवृत्त झालो होतो, आणि कुमुद त्याच मे महिन्यात मुलींच्या शाळेतून निवृत्त झाली होती. ती गाणं शिकवायची. मिळालेल्या पैशांतले तीस हजार तिनं बाजूला काढले आणि मला सांगितलं, यातून असं यंत्र आणा की माझा तानपुरा मला ऐकू येईल.

तिच्या गुरूंच्या, तासगावकरबुवांच्या, पंच्याहत्तरीची मैफल त्याआधी दहा वर्षं झाली होती. तिचं चित्रण शिष्यमंडळींनी आता डिस्कवर काढून सगळ्यांना पोस्टानं पाठवलं होतं. बुवांच्या मागे दोन तानपुरे. उजवीकडे तिची गुरुभगिनी मालू, तिच्या तानपुऱ्याची पहिली तार पंचमात. डावीकडे कुमुद, तिची पहिली तार निषादात. कुमुद सांगायची की त्या दिवशी तो निषाद जसा लागला तसा पुन्हा कधी लागला नाही. बुवांनी गाणं सुरू करण्याआधी मागे वळून तिच्याकडे नुसतं बघितलं होतं. बुवा त्यानंतर वर्षभरात गेले. पण मागे बसलेल्याला मैफल समोरून कशी ऐकू आली हे कधीच कळत नाही. तिला ते एकदा ऐकायचं होतं. आमच्या टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरमधून बुवांचा गळा यायचा, तबला यायचा, तानपुरे यायचे नाहीत.

यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात वाचायचं होतं. ऐकायचं काम तिचं. आमच्या घरी ही विभागणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेली होती. तिनं मला बुवांच्या एका बैठकीला नेलं होतं. पुढच्या सतरंजीवर बसून, एका जागी मला फारच छान वाटलं म्हणून मी मोठ्यानं “वा” म्हणालो. तिथे वा म्हणायचं नव्हतं. बुवा अजून समेच्या वाटेवर होते. सगळी बैठक माझ्याकडे वळली, आणि कुमुद तोंडाला पदर लावून हसली. वाईट हेतूनं नाही. नवी नवरी होती, हसू आलं. पुढे ते घरातलं कौतुक होऊन बसलं. आमच्याकडे औरंगजेब आहेत, असं ती पाहुण्यांना सांगायची. त्यानंतर मी गाण्याबद्दल कधी मत दिलं नाही. आवाजाबद्दलही नाही.

तर मी वाचत बसलो. कॉलेजात संगणक आल्यावर कार्डांची कपाटं मोडीत निघाली, तेव्हा त्यातला एक खण आणि तीनेक हजार कोरी कार्डं मी मागून घेतली होती. प्रत्येक रिसीव्हरचं मी एक कार्ड केलं, प्रत्येक डिस्क प्लेअरचं एक. ग्रंथालयात आमचा एक नेम होता: खात्रीची नोंद शाईनं करायची, खात्री नसेल तर पेन्सिलीनं, आणि खात्री झाली की तिच्यावर शाई फिरवायची. माझ्या हातून पेन्सिलीच्या नोंदीच जास्त झाल्या. या कार्डांतही तेच.

रिसीव्हर म्हणजे प्लेअरकडून आलेला आवाज घेऊन, त्याला जोर देऊन स्पीकरना वाटणारी पेटी. मगदूमचं म्हणणं, प्लेअर चांगला घ्या, रिसीव्हर कुठलाही चालतो. माझ्या कार्डांचं म्हणणं उलट होतं. प्लेअर डिस्कवरचे आकडे नुसते वाचतो आणि एका तारेतून पुढे पाठवतो. त्यांचा आवाज रिसीव्हर करतो. तेव्हा प्लेअर स्वस्तातला, रिसीव्हर बरा, पाचाऐवजी दोनच स्पीकर, पण चांगले. हे मी मगदूमला सांगितलं. आयुष्यात दुकानदाराशी वाद घालण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

“सर, तुम्ही मला एकदा लायब्ररीतनं हाकललं होतं, आठवतंय?” मगदूम म्हणाला. “डबा खात होतो म्हणून. आज माझ्या दुकानात येऊन मलाच शिकवताय.”

पण त्यानं माझं ऐकलं. चार हजारांचा प्लेअर, चौदा हजारांचा जपानी रिसीव्हर, उरलेल्यात दोन उभे स्पीकर. दुकानातून निघताना कुमुदचा पाय पायरीवर चुकला आणि तिनं भिंतीला हात लावला. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, चप्पल.

मगदूम स्वतः घरी येऊन सगळं लावून गेला. तिची वेताची खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, मी फूटपट्टी लावून ठेवलेली. माझी जागा टेबलाशी, डाव्या स्पीकरला लागून. रिसीव्हरमध्ये एक सोय होती: रिमोटचं बटण दाबलं की स्टोव्ह पेटल्यासारखा फस्स आवाज आधी डाव्या स्पीकरमधून यायचा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. खुर्चीत बसणाऱ्यानं दोन्ही सारखे ऐकू येतात का सांगायचं, आणि दुसऱ्यानं कमी असेल तो एकेक अंशानं वाढवायचा. दहा अंशांपर्यंत वाढवता यायचा.

“डावा वाढवा,” कुमुद म्हणाली. मी एक अंश वाढवला. “अजून एक.”

डावा, अधिक दोन. मी कार्डावर शाईनं लिहिलं, तारीख घातली.

मग डिस्क लावली. बुवा तानपुऱ्यांकडे वळले, कुमुदकडे नुसतं बघितलं, समोर वळले. कुमुद खुर्चीत पुढे सरकून बसली होती, डोळे मिटून. पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, “मालूचा येतोय. माझा आहे, पण पलीकडच्या घरात वाजतोय असं वाटतं.”

पहिल्या आठवड्यात यंत्र बसतं, असं मगदूमनं सांगितलं होतं. मी वाट बघितली. दर रविवारी चहानंतर आम्ही तो फस्स आवाज लावायचो आणि मी त्या दिवसाचं नवं कार्ड करायचो. जुलैच्या मध्याला अधिक तीन. जुलैअखेर अधिक पाच. प्रत्येक वेळी वाढवल्यावर तिचा चेहरा खुलायचा, निषाद थोडा जवळ यायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा लांब जायचा.

जुलैच्या शेवटच्या रविवारी ती स्वयंपाकघरात असताना मी तिच्या खुर्चीत बसून बघितलं. मला सगळं गाणं डावीकडून येत होतं. बुवा मधे बसलेले दिसत होते, आणि त्यांचा गळा खिडकीपाशी. मी उठून पुन्हा बसलो, मान सरळ केली. तेच. माझं रोज डाव्या स्पीकरपाशी बसणं होत असल्यानं कान तसे झाले असतील, असं मी धरलं. कार्ड उलटं केलं आणि मागे पेन्सिलीनं एक ओळ लिहिली. ती बाहेर आली तेव्हा कार्ड खणात होतं.

“काय हो, काय ऐकत होतात?”

“काही नाही. चालू आहे का बघत होतो.”

त्या दिवसांतल्या काही गोष्टी मला आता एकापुढे एक दिसतात, तेव्हा सुट्या सुट्या होत्या. हुबळीच्या बहिणीचा फोन आला की ती फोन डाव्या हातात धरून उजव्या कानाला लावायची, डोक्यावरून हात वळवून. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे मला विचारायची. संध्याकाळी फिरायला गेलो की म्हणायची, या बाजूला या हो, तिकडून तुम्ही पुटपुटता. मी खरंच पुटपुटतो, म्हणून मी बाजू बदलायचो. दोनदा ती दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी राहिलेली दिसली, कुणीतरी अंगणात बोलावलं आणि ती थांबली असावी तशी.

ऑगस्टमध्ये अधिक सात झाले तेव्हा मी रिसीव्हर रिक्षात घालून दुकानात नेला. परत करताना काय बोलायचं हे मी कार्डावर लिहून नेलं होतं. मगदूमनं तो दोन दिवस ठेवला, मोजमापाचं यंत्र लावून बघितला आणि फोनवर म्हणाला, सर, दोन्हीकडनं सारखा आहे, केसाचा फरक नाही. पण काकूंचं समाधान व्हायला पाहिजे, मी दुसरा देतो. त्यानं नवी पेटी दिली. दोन रविवारांत ती अधिक आठवर आली.

मला वाटू लागलं की हे माझंच काम. मी प्लेअर स्वस्तातला घेतला. मी कार्डांच्या जोरावर शहाणपण केलं, आणि चार हजारांच्या त्या पेटीनं तिचा निषाद वाटेत कुठेतरी सांडला. आकडे आकडेच राहतात, हरवत नाहीत, असं पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं मला नीट कळलंच असेल हे कशावरून. मी चष्म्यासाठी ठेवलेले पैसे काढून मगदूमकडे गेलो आणि त्यानं पहिल्या दिवशी दाखवलेला महाग प्लेअर मागितला. तो माझ्याकडे बघत राहिला.

“सर, तुमच्या कानाला काय वाटतं?”

“माझ्या कानाचं काय. ती गाणारी आहे.”

“तरी पण.”

“मला त्यातलं कळत नाही, मगदूम.”

प्लेअर विकायची इतकी आयती संधी असून त्यानं तो दिला नाही. म्हणाला, आधी मी येऊन बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. कुमुद खुर्चीत बसली. त्यानं रिसीव्हरच्या मागच्या तारा काढल्या आणि डावीची उजवीत, उजवीची डावीत लावली, अंश शून्यावर आणले. “आता जो कमी येत होता तो उजवीकडं कमी यायला पाहिजे, काकू,” असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

फस्स. फस्स.

“डावाच कमी आहे,” कुमुद म्हणाली.

मगदूम खाली बसलेला होता, हातात तार. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरची कार्डं सारखी करत होतो. तो काहीतरी बोलणार होता. “सर, काकूंचे” एवढं तो म्हणाला, आणि थांबला. चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाईला तिच्याच घरात काय सांगायचं, हे त्या भल्या माणसाला सुचलं नसावं. कुमुद त्याच्याकडे बघून वाट पाहत होती.

“काकूंचे पडदे,” तारा पुन्हा पहिल्यासारख्या लावत तो म्हणाला. “ह्या डाव्या भिंतीला पडदे आहेत. आणि सरांची पुस्तकं. पुस्तकं आवाज पितात.”

हे मीही वाचलं होतं. मला केवढं बरं वाटलं. डाव्या भिंतीला माझी दोन कपाटं होती. मी दोन दिवस लावून सगळी पुस्तकं मागच्या खोलीत नेली, एका वेळी आठ-आठ. कुमुद म्हणाली, अहो, राहू द्या, कंबर धरेल. पण अडवलं नाही. रिकाम्या भिंतीवर कपाटांचे पांढरे चौकोन उमटलेले राहिले. त्या रविवारी आम्ही पुन्हा लावून बघितलं. अधिक नऊ.

नवरात्र जवळ आलं. खंडेनवमीला कुमुद तानपुऱ्याची पूजा करायची, आणि त्याआधी मिरजेहून दस्तगीरभाई येऊन जवारी बघून जायचे. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाजाला जो झंकार आणतात तो. दस्तगीरभाईंच्या घरात तीन पिढ्या तानपुरे होत होते. कुमुद पंधरा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला हा तानपुरा घेऊन दिला, तो दस्तगीरभाईंच्या वडिलांनी केलेला. तेव्हाचे दस्तगीर भोपळे घासायला बसायचे. आता सत्तरीला आले होते, पण तिला बाईच म्हणायचे.

त्या दिवशी ते सकाळीच आले, सतरंजीवर बसले, तानपुरा मांडीवर घेऊन चारही तारा छेडल्या. बराच वेळ छेडत राहिले.

“झकास बोलतोय की बाई. मी ह्याला हात लावत नाही.”

“काहीतरी झालंय त्याला,” कुमुद म्हणाली. “पूर्वी छेडला की डोकं भरून जायचं. आता अर्धंच भरतं.”

दस्तगीरभाईंनी भोपळ्यावर टकटक केली, दांडीवरून हात फिरवला. कुठे फट नव्हती. कुमुद म्हणाली, तुम्ही म्हणता तर असेल बरा, आता आमच्या यंत्राचीही जवारी काढा, चार महिने झाले माझा निषाद सापडत नाही. तिनं त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि मला डिस्क लावायला सांगितली. आदल्याच रविवारी आम्ही अधिक दहावर पोचलो होतो. त्यापुढे अंश नव्हते.

बुवा वळले. तानपुरे सुरू झाले. दस्तगीरभाई दोन मिनिटं ऐकत होते, मग त्यांनी उजवा कान हातानं झाकला, मग डावा.

“सर, ह्यो डावा एवढा का ओरडतोय? बाईंचा तानपुरा बुवांच्या अंगावर येतोय की. बुवा पार खिडकीत जाऊन बसलेत.”

“नाही हो,” कुमुद म्हणाली. “मला आत्ताशी कुठे दोन्ही बाजू जमल्यासारख्या वाटताहेत.”

दस्तगीरभाई माझ्याकडे वळले. “सर, तुम्हाला कसं येतंय?”

मला विचारलं गेलं होतं. सरळ, तिच्यासमोर. ते माझ्याकडे बघत होते आणि तीही. यंत्रात बुवांनी पहिला स्वर लावला होता.

“मला काय,” मी म्हणालो. “मला त्यातलं कळत नाही.”

दस्तगीरभाईंनी मान हलवली. त्यांनी मला यंत्र बंद करायला सांगितलं. खिशातून जवारीच्या दोऱ्याचं रीळ काढलं, वीतभर तोडला. “बाई, तुम्ही बसा खुर्चीत. डोळे मिटा. हे वाजलं की सांगायचं.”

“हे काय आता, परीक्षा?” ती बसली. शाळेत पोरींना स्वर ओळखायला बसवायची तशी स्वतः बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटून.

ते तिच्या उजव्या बाजूला गेले. दोरा दोन बोटांच्या चिमटीत धरून कानापासून वीतभर लांब चोळला. पलीकडे उभं राहूनही मला ती बारीक खसखस ऐकू आली.

“दोरा,” कुमुद लगेच म्हणाली. “सुताचा. सोपं आहे.”

ते खुर्चीच्या मागून दुसऱ्या बाजूला आले. दोरा डाव्या कानाशी धरला आणि चोळू लागले. ती शांत बसून होती. त्यांनी दोरा आणखी जवळ नेला, तिच्या कुडीला जवळजवळ टेकवला, आणि चोळत राहिले. त्यांची बोटं हलताना मला दिसत होती. खोलीत दुसरा काही आवाज नव्हता.

कुमुदच्या चेहऱ्यावर अजून ते परीक्षेचं हसू होतं.

“हं,” ती म्हणाली. “करा ना, दस्तगीरभाई. थांबलात का?”

ते थांबले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची बोटं चालूच होती.

तिनं डोळे उघडले. आधी माझा चेहरा बघितला. मग मान डावीकडे वळवली आणि कानाशी धरलेली बोटं, त्यांतला दोरा बघितला. बराच वेळ बघितला.

दस्तगीरभाईंनी चहा घेतला नाही. जाताना दारात मला म्हणाले की मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे उद्याच न्या, मी नंबर लावून ठेवतो. मग तानपुऱ्याकडे बघून म्हणाले, त्याच्यात काही खोट नाही सर, बाईंना सांगा.

मिरजेच्या डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा चांगला आहे म्हणाले, आणि फोटो काढायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला त्यांनी ती मोठी काळी फिल्म काचेवर लावली. पेन्सिलीच्या टोकानं एक जागा दाखवली. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. जिवाला लगेच धोका नाही, म्हणाले, पण काढावी लागेल, आणि काढताना तो कान जाईल. तोंडाची त्या बाजूची नसही दुखावू शकते. हळू वाढणारी गाठ असते, पण काही वेळा झपाट्यानं वाढायला लागते. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून कमी ऐकू येतंय?”

“मला कमी ऐकू येतच नव्हतं,” कुमुद म्हणाली. “यंत्राचा डावा कमी होता.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून कार्डं काढली. का घेऊन आलो होतो, मला सांगता येणार नाही. कुठे जाताना कागद बरोबर असले की मला बरं वाटतं. सतरा कार्डं होती. डॉक्टरांनी ती टेबलावर ओळीनं मांडली. अधिक दोन, अधिक तीन, अधिक पाच. एक कार्ड उचललं, पुन्हा ठेवलं.

“हे तुम्ही घरी मोजलंत? दर आठवड्याला?”

“रविवारी.”

“एवढं नीट आमच्याकडेही कुणी ठेवत नाही,” ते म्हणाले. “जुलैमध्ये आला असतात तर...” आणि मग माझा चेहरा बघून असेल, म्हणाले, “सांगता येत नाही. तेव्हाही कदाचित हेच करावं लागलं असतं. निश्चित नाही सांगता येत.”

कुमुदनं हात लांब करून जुलैअखेरचं कार्ड उचललं. अधिक पाच. तिनं ते उलटं केलं. मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं असं वाटण्याआधीच तिनं वाचलं होतं. मग ऑगस्टची उलटी केली, सप्टेंबरची केली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं एकच ओळ होती, कारण जुलैनंतर मी दर रविवारी, ती स्वयंपाकघरात गेली की, तिच्या खुर्चीत बसून बघत होतो. *मला: डावा फार मोठा. (माझा कान चुकत असावा.)*

तिनं ती कार्डं सारखी करून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख विचारली.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. कान गेला. तोंडाची डावी बाजू थोडी ओढली गेली, ती वर्षभरात बरीच सुधारली. कुमुद त्यानंतर अकरा वर्षं होती. क्लास पुन्हा घेऊ लागली. पोरींना आपल्या उजव्या हाताला बसवायची. बुवांची डिस्क तिनं पुन्हा लावली नाही. यंत्रावर मीच टीव्हीच्या बातम्या ऐकतो, आणि त्याचे अंश मी शून्यावर आणलेले नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. मिरजेहून सांगलीला यायला आम्ही सिटी बसमध्ये बसलो. मी सवयीनं खिडकीशी, तिच्या डावीकडे बसत होतो, तिनं मला उठवून उजवीकडे बसवलं. विश्रामबाग येईपर्यंत ती एक वाक्य बोलली.

“तेव्हा मी हसायला नको होतं.”

कधी, असं मी विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला, जेवणाची ताटं घेण्याआधी माझ्या टेबलापाशी आली. पर्समधली कार्डं काढून माझ्यापुढे उलटी ठेवली, पेन्सिलीची बाजू वर. माझ्या पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

“खात्री झाली ना आता? मग शाई फिरवा.”

मी फिरवली. पहिल्या कार्डावर, मग दुसऱ्यावर. ती माझ्या उजव्या खांद्याशी उभी राहून बघत होती. *मला: डावा फार मोठा.* तिथपर्यंत माझा हात नीट चालला. पुढच्या कंसापाशी मी थांबलो, तेव्हा तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, आणि तो कंस प्रत्येक कार्डावर स्वतःच्या हातानं खोडला.